शेवटच्या बंदरावरचा चकवा

सुयश मस्तगड भागातल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात शिरला तो आधारकार्डाची झेरॉक्स काढायला. झेरॉक्सचं दुकान शेजारी होतं, पण पाटी न वाचता आत शिरायची त्याला खोडच होती. काउंटरमागे तृप्ती बसली होती.

"झेरॉक्स शेजारी निघते," ती म्हणाली. "हितून आम्ही फक्त माणसं बाहेरगावी पाठवतो."

तो हसला... आणि जायचं सोडून समोरच्या खुर्चीत बसला. तो बियाणे कंपनीत कामाला होता आणि विक्री चांगली झाली म्हणून कंपनीने त्याला क्रूझ बक्षीस दिली होती. मुंबईहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं, रोज नव्या बंदरावर उतरायचं. अडचण तिथेच होती. प्रत्येक बंदरावर तीन-चार सहली, त्यांतली एक निवडायची, आणि या गृहस्थाला चहा घ्यावा की कॉफी हेही ठरवता येत नसे.

"तुम्हीच सांगत जा ना," तो म्हणाला. "मी जहाजावरून विचारतो."

"मी तर समुद्र बघितलेला न्हाई अजून."

"मंग तर बराबर सांगाल. बघितलेले लोक उगा घोळात पाडतात."

तृप्तीने नंबर दिला. का दिला, ते तिला विचारू नका. तिलाही माहीत नव्हतं.

मग रोज जहाजावरून फोन येऊ लागला. "उद्या किल्ला आहे, मसाल्याची बाग आहे, न्हाईतर काचेच्या तळाची होडी. बोला."

"होडी."

तो मुकाट्याने होडीत बसे आणि संध्याकाळी मासे कसे दिसले ते सांगे. सांगता सांगता मधेच अडखळे. "तुम्ही पाहिजे होत्या... म्हणजे, मासे बघायला." फोन ठेवल्यावर तृप्ती गालातल्या गालात हसत राही. ती पुरती अडकली होती, पण कबूल करायला तयार नव्हती.

शेवटच्या बंदरावर तिने त्याला बसची सहल घेऊ दिली नाही. "बसमधी तर हितंबी बसता. जुन्या दीपस्तंभापर्यंत पायी जा. एकटे."

हे 'एकटे' तिला फार नडलं.

त्या दिवशी रविवार होता. ती वडीगोद्रीला, गावाकडच्या आपल्या शेतात, बांधावरच्या कडुलिंबाखाली बसली होती. टळटळीत दुपार, वारा पडलेला, मोसंबीचं पानही हलत नव्हतं. फोन वाजला.

"तृप्ती, मी नुसता फिरून राह्यलो. कुठूनबी चाललो तरी त्याच विहिरीपाशी येतो. लाटांचा आवाज येतोय, पण समुद्र काही दिसत न्हाई. आन् जहाज दिवस मावळायच्या आत सुटतं."

"कुणाला विचारा की."

"माणूस न्हाई इथं. कुत्रंसुद्धा न्हाई."

"व्हिडिओ लावा," ती हसत म्हणाली. "बघू तरी."

चित्र आलं आणि तिचं हसू विरलं. दगडी विहीर, तिच्यावर वाकलेली बाभूळ, बाभळीला टांगलेला काळा टायर. तो टायर तिच्या बापाने बांधला होता. विहीर त्यांचीच होती. तृप्तीने मान वर केली. मोसंबीच्या बागेपलीकडे ती विहीर तशीच होती, आणि तिथे कोणी नव्हतं.

"सुयश... विहिरीत एक दगड टाका."

त्याने टाकला. डुबुक आवाज फोनमधून आला. आणि बागेपलीकडूनही आला.

तृप्तीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "तुम्हाला चकवा लागलाय," ती कशीबशी म्हणाली. "आमच्या आज्याला लागल्ता. ज्याचं कुठं जायचं ते पक्कं नसतं, त्यालाच धरतो. खाली बसा. शर्ट काढून उलटा घाला. आन् कोनाकडं चाललो ते मोठ्यानं सांगा. खोटं बिलकुल चालत न्हाई."

"तुम्ही बघू नका."

"न्हाई बघत," ती म्हणाली, आणि बघत राहिली.

"जहाजाकडं चाललो!" तो ओरडला आणि तरातरा निघाला. थोड्याच वेळात पुन्हा तीच बाभूळ आली. ऊन कलू लागलं होतं. फोनमध्ये जहाजाचा भोंगा वाजला.

"तृप्ती," त्याचा आवाज एकदम खाली आला, "तुम्ही मला हाक मारून राह्यल्या का?"

"न्हाई."

"तुमचाच आवाज आहे. पण फोनमधून न्हाई येत... विहिरीतून येतोय."

"ओ देऊ नका! काहीबी झालं तरी ओ देऊ नका." तिला रडू फुटलं. आपणच याला तिकडे धाडलं. जहाज गेलं तर दुसरं मिळेल. हा माणूस गेला तर आपण काय करायचं? "सुयश, जहाजाकडं न्हाईच जायचं तुम्हाला. खरं सांगा. कुठं जायचंय?"

त्याने विहिरीकडे पाठ फिरवली.

"मी जन्मात काही ठरवलं न्हाई," तो अखेर म्हणाला. "हे मात्र पहिल्याच दिवशी ठरल्तं, बोलायची हिंमत न्हाई झाली. मी... मी तृप्तीकडं चाललो."

फोन बंद पडला.

ती उठली. मग मोसंबीच्या ओळीतून पाचोळा वाजला. कोणीतरी चालत येत होतं. उलटा शर्ट, शिवणी बाहेर आलेल्या, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, पायांना ओली वाळू. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तिच्याकडे बघतच राहिला. तृप्तीने भीत भीत त्याचा हात धरला. गार होता, पण जिवंत माणसाचा होता.

बागेपलीकडे, विहिरीच्या अंगाने, लांबलचक भोंगा वाजला आणि हळूहळू दूर गेला.

"कसला भोंगा गं ह्यो?" खुरपं हातात घेऊन तिची आई, चतुराबाई, कपाशीतून वर आली. ती त्या भिजलेल्या माणसापाशी थबकली. "आन् हे कोण? कोनाकडं आलेत?"

रस्ता चुकलेत, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. सुयश तर तेच सांगायला तोंड उघडत होता.

"माझ्याकडं आलेत, आई," तृप्ती म्हणाली, आणि तिने हात सोडला नाही.