जुळलेलं रक्त

सोनीबाईने नवऱ्याचा सदरा टेबलावर उलगडला आणि मदतनीस अतुलने नाक दाबलं. कमरेजवळ कापडावर पू वाळून कडक झाला होता.

"मुतखडा झाला म्हनून मालकानं वारलूले नागपूरले नेलं," ती म्हणाली. "जाताना दाढी करून देली, सोताचा शर्ट घालून देला. परत आला अन् लगेच धानाच्या बांधीत कामाले उतरवलं. जखम सडली. मेला. त्याले मुतखडा कधी नव्हताच, ताई."

चंद्रपुरात खासगी तपास करणाऱ्या रंजीता मेश्रामने सदरा घडी करून बाजूला ठेवला. "अतुल, गाडी काढ. सोनीबाई, तुम्हीपण चला."

सावली गावात वारलूचा मालक, राइस मिलवाला प्रवीण सोप्यातच भेटला. त्याने न विचारता शर्ट वर केला. कमरेवर लांब व्रण होता.

"मायले किडनी देली म्यां. मार्कंड्याच्या जत्रेत सत्कार झाला. वारलूचं आपरेशन अलग होतं, बिचारा गेला."

अतुलने त्याला हात जोडले आणि त्यांच्याकडचा चहा घेतला.

आत प्रवीणची आई रुखमाबाई पलंगावर टेकून बसली होती. चेहरा टवटवीत.

"उन्हाळ्यात पयल्यांदा डॉक्टर नाईच म्हने," ती कौतुकाने सांगत होती. "माह्या रक्तात प्रवीणच्या विरुद्ध लय अँटीबॉडी हाये म्हने. मंग दिवाळीनंतर दुसऱ्या दवाखान्यात तपासलं, तं जुळलं!"

"मध्ये त्या अँटीबॉडी काढायचा उपचार केला?" रंजीताने विचारलं.

"काईच नाई. डायलिसिस तेवढं चालू होतं."

"आणि किडनी?"

"पयल्या दिवसापासून झकास!"

रंजीताने प्रवीणला आत बोलावलं. सोनीबाई दारात उभी राहिली.

"प्रवीणभाऊ, तुम्ही आईच्या पोटात वाढलात. पण तुमच्या पेशींवरच्या निम्म्या खुणा वडिलांच्या, म्हणजे आईच्या शरीराला परक्या. गरोदरपणात तिच्या रक्ताने त्या ओळखल्या, त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या. काही बायकांत त्या वर्षानुवर्षं टिकतात. तुमची किडनी बसवली असती, तर त्या तिच्यावर तुटून पडल्या असत्या. रक्ताच्या गुठळ्या होऊन ती टेबलावरच काळी पडली असती. इतक्या अँटीबॉडी उपचाराशिवाय काही महिन्यांत अशा नाहीशा होत नाहीत."

"मग चमत्कार झाला?" अतुलने विचारलं.

"आईचं रक्त तेच राहिलं, अतुल. देणारा बदलला. दाढी केलेला, मालकाचा शर्ट घातलेला वारलू प्रवीणच्या नावाने तपासणीला रक्त देऊन ऑपरेशनच्या टेबलावर झोपला."

"पण तो व्रण?"

"कातडी चिरून शिवली की व्रण होतो. प्रवीणभाऊ, सोनोग्राफीला चला. तुमच्या पोटात एकच किडनी दिसली, तर मी पाय धरून माफी मागते."

प्रवीण जागचा हलला नाही.

अतुलने रुखमाबाईकडे पाहिलं. म्हातारी आता ऊर बडवून घेईल असं त्याला वाटलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"मले मालूम होतं. लेकराचं पोट फाडू देलं असतं काय? वारलू घरचाच गडी. मागतली असती तरी देली असती त्यानं."

"मंग मागतली काऊन नाई, बाई?" सोनीबाईने विचारलं.

रुखमाबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि सुनेला हाक मारली, "माह्या गोळीची येळ झाली, पानी आन."

रंजीता ठाण्याला फोन लावत होती. अतुल कसाबसा अंगणापर्यंत पोचला आणि त्या घरात प्यालेला चहा भडाभडा ओकला.