विहीणबाई व्हाया पृथ्वी

चंद्रावरच्या पहिल्या सार्वजनिक विनिमय-केंद्राचं उद्घाटन झालं आणि चौथ्याच दिवशी हेमांगी सबनीसचं लग्न मोडायची वेळ आली. केंद्र तिने आणि होणाऱ्या नवऱ्यानेच बांधलं होतं, त्यामुळे बोल लावायलाही दुसरं कोणी नव्हतं.

तोवर चंद्रावरचा कारभार मोठा अजब होता. अरुणविवर आणि मेरुकडा या दोन वसाहती अगदी समोरासमोर. खिडकीतून एकमेकींचे दिवे दिसत. पण दोघींची संपर्कजाळी वेगळ्या कंपन्यांची आणि त्या जाळ्यांची गाठ पडायची ती थेट पृथ्वीवर. इथला 'हॅलो' आधी पृथ्वीवर जायचा आणि तिथून उलटा शेजारी पोचायचा. जायला अडीच सेकंद, उत्तर यायला आणखी अडीच. अरुणविवरची जाळे-अभियंता हेमांगी आणि मेरुकड्याचा जाळे-अभियंता कौस्तुभ चौबळ प्रेमात पडले तेही असेच, थांबत थांबत. शेवटी वैतागून दोघांनी मधल्या पठारावर केंद्र उभारलं. कोणत्याही जाळ्याने यावं, तार जोडावी, देवाणघेवाण करावी. आता उत्तर पापणी लवायच्या आत येऊ लागलं.

त्याचा पहिला लाभ घेतला दोघांच्या आयांनी.

"तुमच्याकडे कानवल्यांना पदर जरा कमीच सुटतात म्हणे," कौस्तुभच्या आई वृंदाताई म्हणाल्या.

"कोण म्हणतं? आणि तुमच्या साखरपुड्यातले काय, नुसते दगड—"

"दगड? चार चार खाल्लेत तुम्ही!"

शब्दाने शब्द वाढला. लग्नाचं मग बघू म्हणत हेमांगीच्या आईने, रेवतीताईंनी, फोन टेबलावर टाकला. तो चंद्राच्या रीतीने सावकाश उतरला, त्यामुळे त्या आणखी भडकल्या.

हेमांगी रडकुंडीला आली. "महिनाभर किती गोड बोलत होत्या रे दोघी!"

"साधं आहे," कौस्तुभ म्हणाला. "पूर्वी मधे तोंड घातलं की दोघींच्या बोलण्याचा काला व्हायचा, म्हणून समोरचीचं पुरतं ऐकावं लागायचं. आणि टोमणा मारला की उत्तर यायला पाच सेकंद. तेवढ्यात मारणारीलाच वाटायचं, जरा जास्त झालं. ते पाच सेकंद आपण काढून घेतले."

"मग परत देऊ या. दोघींच्या फोनपुरती केंद्र टाळून वेगळी जोडणी करू. पृथ्वीमार्गे."

"जुनी, संथ वाट घेतील त्या?"

"जुनी कोण म्हणतंय? खाजगी म्हणायचं."

मात्रा लागू पडली. रेवतीताईंची मान ताठ झाली. "त्या केंद्रावर सगळं गाव जमतं बाई," त्या शेजारणीला सांगू लागल्या. "आमची वाट खाजगी आहे." त्याच वाटेवरून पहिल्याच दिवशी त्यांनी वृंदाताईंची माफी मागितली. नेमकी तेव्हाच वृंदाताईंची माफी उलट दिशेने निघाली होती. मुहूर्त ठरला, कानवले दोन्हीकडचे ठरले आणि हेमांगीचा जीव भांड्यात पडला.

आनंदाच्या भरात तिने कौस्तुभला फोन लावला. लग्नानंतर राहायचं कुठे, यावर केंद्र सुरू झाल्यापासून त्यांची हमखास जुंपायची. आज त्याने तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "पटतंय मला." किती समजूतदार झालाय हल्ली, असं वाटून तिला भरून आलं. मग तिच्यातली अभियंता जागी झाली.

"कौस्तुभ," एवढंच म्हणून ती बोटांवर मोजत बसली. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आली तेव्हा आवाज आला.

"काय गं?"

"मला कधीपासून खाजगी केलंस?"

"आयांबरोबरच. चिडू नकोस ना. पण तेव्हापासून एकदा तरी भांडलो का आपण?"

तिच्या ओठांवर एक सणसणीत वाक्य आलं होतं, ते तिने गिळलं. खरंच भांडले नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं.

"लग्नानंतर एका घरात राहणार आहोत आपण," ती म्हणाली. "तिथे मधे पृथ्वी कुठून आणशील?"

पाच सेकंद गेले. मग आणखी पाच गेले. पलीकडून काहीच आलं नाही.