चार शब्दांचं कुलूप

"शिबिर रद्द? कसं शक्य आहे!" वैष्णवी ओरडली.

दिवाळीच्या सुट्टीत ती घाटनांदूरला मामेभावंडांकडे, दिपाली आणि बजरंगकडे आली होती. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी उद्या आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. पण गावाच्या ऑनलाइन पानावर झळकलं होतं, 'डॉक्टर येणार नाहीत. टोळीनं आजच निघावं.' आणि ते पान चालवणारे भगवानरावकाका तर समोर मांडव बांधत होते!

"म्या न्हाई टाकलं!" काका घाबरले.

तिघं काकांच्या दुकानात धावले. संगणकावर चिठ्ठी चिकटवलेली, 'भगवान१२३'.

"काका, पासवर्ड असा सगळ्यांसमोर टांगतात का?" दिपालीनं कपाळाला हात लावला. "आधी बदला! एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. समजा, उंट-चाळणी-भोंगा-आजोळ. डोक्यावर चाळणी घेऊन, भोंगा वाजवत उंट आजोळी निघालाय! आता विसराल?"

"लई भारी! हेच टाकतो!"

"नको! हे आम्ही ऐकलं ना! तुमचं तुम्ही मनात ठरवा. नाव नको, जन्मतारीख नको."

काकांनी डोळे मिटले, खुदकन हसले आणि भराभर टाइप केलं. दिपालीनं काकांचा फोन सोडून बाकी सगळ्या फोनांवर उघडं असलेलं पानाचं खातं बंद करायला लावलं. मग काकांनी खरा निरोप टाकला.

"ज्यानं हे केलं, त्याला टोळी आजच निघायला हवीय. तो आता पुन्हा शिरायला बघेल," वैष्णवी म्हणाली. काकांना घेऊन तिघं टोळीच्या ट्रॅक्टरांपाशी थांबले. थोड्याच वेळात काकांच्या फोनवर सूचना आली, 'चुकीचा पासवर्ड!' लगेच आणखी एक!

शेजारीच टोळीचा मुकादम सटवा फोनवर बोटं आपटत पुटपुटत होता, "आरं, उघडंना कावून?"

"भगवान१२३ चालत नाही का, मुकादम?" बजरंगनं खणखणीत आवाजात विचारलं.

सटवाचा चेहरा पडला. "ते... चिठ्ठीवर दिसलं. उद्या थांबलो तर एक दिवस वाया जातोय..."

"जाऊ दे की!" नातीला कडेवर घेतलेली टोळीतली कडूबाई कडाडली. "लेकरू तपासल्याबिगर गाडी हलायची न्हाई!"

दुसऱ्या दिवशी मांडव भरून गेला. कडूबाईच्या नातीचा कान आतून सुजला होता. "बरं झालं आजच आणलंत," डॉक्टर औषध देत म्हणाल्या. "महिनाभरानं अवघड झालं असतं."

"चिठ्ठी लावली ही माझी चूक," काका सर्वांसमोर म्हणाले. "ती या पोरांनी निस्तरली. शाब्बास!"

कडूबाईनं मोठा श्वास सोडला. तिघांच्या गालांवरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली.