काच खाली करू नकोस

पहिली भेट कशी झाली माहितीये? रुचिराने त्याच्या तोंडावर पाणी मारलं!

मुद्दाम नाही रे. बोरीवलीत रत्नप्रभा मावशीचं गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं दुकान आहे, रुचिरा तिथेच कामाला. समोरच एक जुनी सोसायटी पाडतायत... धूळ, नुसती धूळ! म्हणून काम सुरू करण्याआधी रुचिरा शेडमध्ये हवेतच फवारा मारायची, धूळ खाली बसावी म्हणून. नेमका तेव्हाच हा आत शिरला.

"अगं, आंघोळ करून आलोय मी!" चष्मा पुसत तो म्हणाला.

"मग ही दुसरी. फुकट."

तो वेन. आय. सी. कॉलनीतला. सोबत पप्पांची जुनी, लाल, खोकणारी गाडी. रविवारी बहिणीचं, मॉनिकाचं लग्न. नवरी याच गाडीतून चर्चला जाणार, आणि उन्हात तिचा मेकअप वितळू नये म्हणून काचांना फिल्म हवी. फिकी, पोलीस पकडणार नाहीत अशी.

मावशीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि रुचिराला बाजूला घेतलं. "अख्खी गाडी एकटीने करायचीय ना तुला? कर. पण फिल्मखाली कचरा अडकला आणि गिऱ्हाईक परत आलं, तर तू पुन्हा काउंटरवर. मग रडायचं नाही."

वाटच लागली! कारण जुन्या गाडीत खरा कचरा काचेवर नसतोच. काच दारात जिथून खाली उतरते ना, तिथल्या मखमली पट्टीत असतो. वर्षानुवर्षांची माती! रुचिराने पट्ट्या साबणाच्या पाण्याने धुतल्या, पुसल्या, परत धुतल्या... पाणी आपलं काळंच. शेवटी पट्टीवर टेप चिकटवली, पंखा बंद केला, ओढणीसुद्धा काढून ठेवली, तिचा धागा उडायला नको म्हणून.

वेन स्टुलावर बसून टक लावून बघत होता.

"पंखा लावू?"

"हात लावून तर बघ."

"श्वास घेऊ?"

"थोडा थोडा."

तिला हसू फुटलं आणि फिल्म धरलेला हात हलला. देवा! "तू जा ना चहा प्यायला..."

"हाकलतेस?"

"हो... नाही... हो!"

संध्याकाळी गाडी चकाचक. एक कण नाही!

"चार दिवस काच खाली करायची नाही," तिने बजावलं. "फिल्म अजून ओली आहे. काच खालीवर झाली की पट्टीत उरलेली माती आत घुसते."

"आणि काही विचारायचं असलं तर?"

"दुकानाचा नंबर आहे की."

"दुकानाचा..." तो पुटपुटला, आणि गेला.

मग काय! बाईसाहेबांचं लक्षच लागेना. हॉर्न वाजला की मान वर. लाल काही दिसलं की छातीत धडधड. आपला नंबर द्यायला काय जात होतं?

तिसऱ्या दिवशी लाल गाडी आली. खरंच आली! आणि ड्रायव्हरच्या काचेवर... बारीक बारीक टिपके. कोपरा सुटलेला. फिल्मखाली कचरा.

मावशीने चष्म्यावरून रुचिराकडे पाहिलं. रुचिराने वाकून नीट बघितलं. टिपके सगळे खालच्या बाजूला, उभ्या रेघांत.

"काच खाली केलीस तू?"

"पूर्ण नाही... अर्धी."

"का पण?"

वेन आधी मावशीकडे वळला. "मावशी, हिची काही चूक नाही. काल शिंपोलीच्या सिग्नलला ही दिसली, भाजीची पिशवी घेऊन. हाक मारायची होती... काच बंद. दोन दिवस हिचाच विचार चाललेला, त्यात ही समोर! विसरलोच सगळं."

"मग मारली का नाहीस हाक?" रुचिराचा आवाज एकदम बारीक झाला.

"काच खाली गेली आणि सिग्नल सुटला. मागचे शिव्या द्यायला लागले."

मावशीने दोघांकडे पाहिलं. "काउंटर मी सांभाळते," ती म्हणाली. "रुचिरा, तू काच कर. आणि ह्याला लांब बसव, नाहीतर पुन्हा हात हलेल तुझा."

म्हणजे सगळं दिसलं होतं तर बाईला!

जुनी फिल्म निघाली, पट्टी परत धुतली, नवी बसली. मग कुठे वेन ड्रायव्हरच्या सीटवर बसला, हात मांडीवर, शहाण्या मुलासारखा. अर्ध्या बंद दारातून हळूच म्हणाला, "परत चार दिवस काच बंद?"

"बंद."

"आणि परत दिसलीस तर?"

"दार उघडायचं रे, येड्या. दार!"

त्याने तिथल्या तिथे वाकून पलीकडचं दार उघडलं.

रुचिराने मावशीकडे पाहिलं. मावशीने मुद्दाम फोनमध्ये डोकं घातलेलं. रुचिराने ओले हात ड्रेसला पुसले, गाडीला वळसा घातला, आणि बसली.