भगवंतकाकांचं बटन

हे घडलंय. माझ्यासमोर घडलंय, आणि तेही भर दुपारी. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप म्हणावी, मी वाद घालणार नाही.

अकोल्याला जुन्या शहरात माझं इन्व्हर्टर आणि सोलरचं दुकान आहे. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर फक्त टिंगलच केली. घरातले दिवे आपोआप लागतात म्हणून कुणी आलं, तर मी आधी अर्थिंग तपासतो.

यंदाची नागपंचमी. जागा शेंदूरजनाघाट, माझा चुलत भाऊ कुलदीप याचं संत्र्याच्या बागेतलं घर. त्या घरावर सोलर मीच बसवलं होतं, त्याचे वडील भगवंतकाका हयात असताना.

काम साधं होतं. बॅटरी आधी उन्हावर भरणार, ऊन कमी पडलं तर लाईनवर, म्हणजे सरकारी विजेवर. लाईनच्या चार्जिंगसाठी मी भिंतीवर वेगळं बटन दिलं होतं.

तेवढं बटन म्हणजे काकांचा जीव की प्राण. दिवसा ते कुणी चालू केलं की काका काठी टेकत येणार, बंद करणार आणि म्हणणार, "ऊन मेलं काय रे?" पाहुणा असो की जावई, सगळ्यांना हेच.

काका उन्हाळ्यात गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. कुलदीप हात जोडून सांगत होता, आईला सांभाळतो, बाग मोडणार नाही... कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. लोक उन्हाने कंटाळले. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "लाईनचं बोल ना बापा."

कुलदीप म्हणाला, "बाबा, दिवसा लाईनवर चार्जिंग करनार नाई. शब्द देतो."

...आणि कावळा शिवला.

लोक हसले. मीही हसलो.

पुढे काकूंची छाती बिघडली. काकू म्हणजे केशरबाई, कुलदीपची आई. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते विजेवर चालतं. थांबलं की काकूंचे ओठ निळे पडू लागतात.

त्यात श्रावणात झड लागली. सूर्याचं तोंड दिसेना आणि संध्याकाळी लाईन हमखास जायची. दिवसाच लाईनवर बॅटरी भरून ठेवणं भाग होतं. कुलदीपने शब्द मोडला आणि बटन चालू केलं.

ते बंद होऊ लागलं.

"दादा, मी चालू करतो अन् थोड्या वेळानं पाह्यतो तं बंद," तो फोनवर म्हणाला. "बॅटरी अर्धीबी भरून नाई रायली. आईचं काही झालं तं मी काय करू? तू ये."

मी गेलो. त्याची बायको मंजुषा पोरांना घेऊन सणाला माहेरी गेली होती. घरात आम्ही दोघं आणि आतल्या खोलीत काकू.

"बटनाची स्प्रिंग गेली असंल," मी म्हणालो आणि नवं बटन बसवलं. चालू केलं आणि समोरच खुर्ची टाकून बसलो. कुलदीप चहा ठेवायला गेला.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. आतून काकूंच्या मशीनची घरघर येत होती.

मग पावसाचा आवाज ऐकूच येईना...

फरशीवर काहीतरी टेकलं.

पुन्हा टेकलं. जरा जवळ.

ती काठी मी लहानपणापासून ऐकली आहे. ओळखायला वेळ लागला नाही.

आणि माझ्या डोळ्यांदेखत बटन बंद झालं.

मी उठलो, ते चालू केलं आणि त्यावर काळी चिकटपट्टी आडवीउभी लावली. कुलदीपला हाक मारायला तोंड वळवलं. परत पाहिलं तर बटन बंद. आणि पट्टी... नीट गुंडाळून बोर्डावर ठेवलेली. काका वापरलेली पट्टीसुद्धा कधी फेकत नसत.

मला घाम फुटला. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा राग जास्त आला. बायको आत श्वासाला तरसते आणि मेल्यावरही या माणसाचा हट्ट सुटत नाही. मी बटनच काढून टाकलं आणि दोन वायरी सरळ जोडल्या.

"आता करा बंद," मी मोठ्याने म्हणालो.

बॅटरी भरू लागली. आम्ही चहा घेतला.

काठी वाजली. भिंतीपाशी आली... थांबली... आणि आतल्या खोलीकडे गेली.

मशीनची घरघर बंद पडली.

आम्ही दोघं धावलो. काकू पलंगावर उठून बसल्या होत्या, तोंड उघडं, नाकात नळी तशीच. मशीनचं बटन बंद होतं. कुलदीपने ते चालू केलं आणि त्यावर हात दाबून धरून रडायला लागला.

काकूंना बोलायला वेळ लागला.

"शेखर, बाहेरचं बटन होतं तसं लावून दे. तिथं बंद करून वापस जात होते ते. तू ते काढलं, मंग आत आले."

"काकू, पण बॅटरी..."

"त्याईले शब्द समजते बापा. मानूस नाई समजत."

मी बटन लावलं. पण त्याला वायरी जोडल्या नाहीत. चार्जिंग आतून सरळ, बटन नुसतं शोभेला. काकूंना सांगितलं नाही. कुलदीप रोज सकाळी ते चालू करायचा, दुपारी ते बंद झालेलं असायचं. बॅटरी भरत होती आणि मशीन चालत होतं. बापाला चांगलं गंडवलं म्हणून आम्ही फोनवर हसलोसुद्धा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"दादा, बटन बंद नाई झालं."

"मग बरंच झालं ना. गेले असतील."

"काठी वाजली होती. भिंतीजवळ लय वेळ थांबली. मंग मी जाऊन पाह्यलं... बोर्ड उघडा हाय. स्क्रू काढून खाली ओळीनं ठेवले हाय."

मी लगेच निघालो. आल्याबरोबर बटन खरोखरचं जोडून दिलं. हात जोडून माफी मागितली, मी, ज्याने कधी देवापुढेही नीट हात जोडले नाहीत. पण बटन चालूच आहे. ते आता कुणी बंद करत नाही. काकूंना अकोल्याला नेतो म्हटलं तर त्या पलंग सोडत नाहीत. "मी जाईन तिथं ते येतीन," म्हणतात.

कुलदीप आणि मी आळीपाळीने त्यांच्या मशीनजवळ बसतो. हे सगळं मी मोबाईलवर एका हाताने लिहिलंय. दुसरा हात मशीनच्या बटनावर आहे.

माझ्या बोटांखाली ते अधूनमधून हलतं.