मोहित्यांचं काडतूस

स्फोट झाला तेव्हा मानसिंगराव मोहित्यांचा गाल रायफलीच्या दस्त्याला टेकलेला होता. बोल्ट मागे उडाला आणि उजव्या डोळ्यातून आत घुसला. मांस, पितळ आणि लाकूड रेंजच्या सिमेंटवर एकत्र पसरलं. माणूस जागीच गेला.

दसऱ्यानंतरचा पहिलाच रविवार होता तो.

निरीक्षक सीमंतिनी आपटे जयेंद्रगंजातल्या घरी पोचली तेव्हा मुलगी गरिमा बापाच्या रक्ताने माखलेला कुर्ता घालूनच बसली होती.

"अरेस्ट कर लीजिए, ताई. बाबांना मी मारलं."

"कसं?"

"काडतुसं मी भरली. दारू मी तोलली. ज्यादा पडली असणार, और क्या?"

ही रायफल दुकानात मिळणारी नव्हतीच. मोठ्या काडतुसाचं तोंड आवळून त्यात बारीक गोळी बसवायची, त्याच मापाची नळी कोरून घ्यायची, असला नसता खटाटोप मानसिंगरावांचा. त्या मापाचं काडतूस कुठेच विकत मिळत नाही, घरीच भरावं लागतं. नेमबाजांच्या एका मासिकाने त्याला 'मोहिते' असं नावही देऊन टाकलं होतं.

"भरायचे साचे कुणाकडे आहेत?"

"एक आमच्याकडे. दुसरा माधवकाकांकडे. नळी त्यांनीच कोरली ना."

माधवराव दिघे म्हणजे मानसिंगरावांचे जुने मित्र. नई सडकेवर त्यांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान.

"काडतुसं कुलपात होती?"

"हो. दुसरी चाबी समरजीतकाकाकडे."

समरजीत हा मानसिंगरावांचा धाकटा भाऊ, त्याच घरात राहणारा. दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

"भांडण होतं, कबूल," तो म्हणाला. "म्हणून काय दादाचं डोकं उडवीन?"

सीमंतिनीने पिशवीतून फुटक्या काडतुसाचं बूड काढलं. काजळी धरली होती, पण कडेच्या खाचेत लाल काहीतरी अडकलं होतं. नखाने खरवडलं. कुंकू.

मग तिने रेंजवरून आणलेला डबा उघडला. काडतुसं टोक वर करून उभी ठेवलेली होती, बुडं दिसत नव्हती. तिने एकेक काढून उलटं केलं. सगळी लख्ख.

मानसिंगरावांची पत्नी लीलाताई भिंतीला टेकून बसली होती. तिला विचारायची सीमंतिनीला लाज वाटली, पण विचारलं.

"खंडेनवमीला शस्त्रपूजा केलीत?"

"दरवर्षी करतो. काडतुसांनासुद्धा कुंकू लावतो. पण या वर्षी अष्टमीलाच इंदूरचे चुलतदीर गेले. सुतकात कसली पूजा? हत्यारं मांडलीच नाहीत."

अस्थी आणल्या त्या दुपारी माधवराव भेटायला आले. सीमंतिनी तिथेच होती.

"नवरात्रात कुठे होतात?"

"पुण्याला, मुलीकडे. घटस्थापनेच्या आधीच गेलो. रविवारी स्टेशनवरून थेट रेंजवर आलो."

"मग हे कसं झालं असेल?"

"पोरीचा हात कच्चा. घाईत जास्त भरलं असेल."

गरिमाने मान खाली घातली.

"नाही," सीमंतिनी म्हणाली. "फुटलेल्या काडतुसात पिस्तुलाची दारू होती, रायफलीत ती एकदम पेटून बंदूकच फोडते; अहवाल आलाय. आणि ते काडतूस गरिमाने भरलेलंच नव्हतं. त्याच्या बुडाला कुंकू होतं. दसऱ्यानंतर मोहित्यांच्या काडतुसांना कुंकू असतं, हे तुम्ही इतकी वर्षं पाहत आलात. आपलं वेगळं दिसू नये म्हणून तुम्हीही लावलंत, आणि मानसिंगराव निशाण लावायला गेले तेव्हा डब्यातल्या पहिल्या घरातलं बदललंत. काढलेल्याचं बूड घाईत पाहिलं नाहीत, आणि टोकं वर होती, म्हणून बाकीची कोरी आहेत हे तुम्हाला दिसलंच नाही. समरजीतने कुंकू लावलंच नसतं, सुतक त्यालाही होतं. साचा हाताशी आणि सुतकाचा पत्ता नाही, असा माणूस एकच."

"नळी मी कोरली," माधवराव म्हणाले. "माप मी काढलं. उमेदीची सगळी वर्षं घातली त्यात. आणि नाव मोहिते."

"पोरीवर आळ येईल, हे सुचलं नाही?"

"सुचलं ना. तिचीच चूक धरतील, म्हणून तर..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. गरिमाने काडतुसं भरायच्या टेबलावरचा लोखंडी दांडा उचलून त्यांच्या तोंडावर हाणला होता. दात फरशीवर पडले. तिने दुसऱ्यांदा हात उगारला, तेव्हा कुठे सीमंतिनीने तिचं मनगट धरलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी सीमंतिनीने मुद्दामच उशीर केला होता.

शिपाई माधवरावांना घेऊन गेले. गरिमा दारातच खाली बसली.

"ताई, डब्यातली बाकीची काडतुसं?"

"सगळी फोडून तोलली. माप बरोबर आहे."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच ती पोर रडली.