समोरच्या काचेतला हात

पहिल्यांदा त्याने मला हात केला, तेव्हा मी भर रस्त्यात बस थांबवली आणि खिडकीची काच सरकवून विचारलं, "काय झालं? टायर बसलाय का माझा?"

तो समोरून येत होता. त्याची लाल दुमजली, माझीही लाल दुमजली, मध्ये वॉलवर्थ रोडचा चिंचोळा तुकडा आणि वरून मार्चमधली बारीक भुरभुर. मला बस चालवायला लागून चारच दिवस झाले होते. शिकवताना आरसे शिकवले, ब्रेक शिकवले, म्हातारी माणसं खाली बसेपर्यंत गाडी हलवू नका हे तर दहा वेळा शिकवलं. पण समोरच्या बसचा ड्रायव्हर हात वर करतो तेव्हा आपणही करायचा असतो, हे मेलं कुणी सांगितलं नव्हतं.

"टायर ठीक आहे," तो म्हणाला. "मी नुसता हात केला."

"का?"

"का म्हणजे... ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो. ओळख नसली तरी."

माझ्या बसमधली माणसं पेपरामागे तोंड लपवून हसत होती. मी काच लावली आणि अशी काही निघाले की पुढचा थांबाच चुकले. घरी आईला सांगितलं, तर ती हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. तिला तरुणपणी बार्बाडोसहून इथे बोलावून आणलं होतं, खास बसची कंडक्टर म्हणून. तीस वर्षं तिने या शहरात घंटा वाजवली. "माझ्या पोटी जन्मलीस आणि तुला हात करायचं ठाऊक नाही?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी तो पुन्हा दिसला. तिथे दोन थांबे समोरासमोर आहेत. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी नदीकडे निघालेली असायची आणि तो नदीपलीकडून आलेला असायचा. आमच्याकडे ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, म्हणजे दोघांच्या खिडक्या अगदी तोंडाला तोंड. माणसं चढेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद मिळत. त्याने हात वर केला. मी पण केला, जरा जास्तच उंच. तेव्हा तो म्हणाला, "आज टायर कसा आहे?"

झालं. तिथून सुरू झालं.

त्याचा डेपो वेगळा, मार्ग वेगळा, आणि आमच्या छातीवर नंबर असतो, नाव नसतं. त्याने नाव विचारलं तर मी म्हटलं, ओळख. दिवसाला एकच. त्याचं बोलणं ऐकून तो आयर्लंडचा हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून मी पहिल्याच दिवशी सीमस म्हणून टाकलं.

"सगळ्या आयरिश माणसांचं नाव सीमस नसतं, बाई."

"मग उद्या पॅट्रिक."

"तू ग्लोरिया असणार."

"चूक. संपला तुझा वेळ, मागचा हॉर्न वाजवतोय."

एप्रिल गेला, मे गेला. तो रोज एक नाव घेऊन यायचा. एकदा रात्रभर विचार करून आणल्यासारखं 'क्लिओपात्रा' म्हणाला, तेव्हा माझ्या दारात तिकीट दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, अगं, दे ना सोडून बिचाऱ्याला. मला तो फक्त छातीपासून वर ठाऊक होता. लालसर केस, कानाखाली तीळ, समोर ठेवलेला हिरवा थर्मास. तो उंच की बुटका, त्याला पाय तरी आहेत का, देव जाणे. पण आठ वाजून नऊ मिनिटं झाली की माझा जीव खालीवर व्हायचा. खोटं कशाला बोलू.

सहा जुलैच्या बुधवारी त्याने नाव घेतलंच नाही. खिडकीत कोपर टेकून नुसता बघत राहिला.

"हरलो," म्हणाला. "रविवारी माझ्याबरोबर चहाला ये. तिथे सांग."

पंचवीस सेकंदांत माझी जीभ कधी अडली नव्हती, ती त्या दिवशी अडली. "उद्या सांगते," एवढंच म्हटलं... आणि त्याच दुपारी बातमी आली की ऑलिम्पिक आपल्या शहरात भरणार. रस्ताभर हॉर्न वाजत होते, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठीच चाललंय.

आणि मग मी अतिशहाणपणा केला. एक दिवस तरसू दे त्याला, म्हणून गुरुवारची ड्युटी बदलून नऊची घेतली. आठ दहाला तो समोरच्या थांब्यावर येईल, माझ्या जागी दुसराच कुणी असेल, आणि त्याचं तोंड उतरेल, या विचाराने मी आंघोळ करताना गाणं म्हणत होते.

नऊ वाजता निघाले, तर भुयारी रेल्वेत वीज गेल्याची बातमी होती. स्टेशनांतून माणसांचे लोंढे वर येत होते आणि बसमध्ये शिरत होते. आकाश करडं, काचेवर भुरभुर, सगळे घड्याळाकडे बघत चिडलेले. दहा वाजायच्या सुमारास रेडिओवर आमच्या कंट्रोलचा माणूस बोलला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. असाल तिथे थांबा, माणसं उतरवा, गाडी तपासा, म्हणाला. वीज गेली नव्हती. भुयारी गाड्यांमध्ये बॉम्ब फुटले होते, आणि नदीपलीकडे एका बसमध्येही.

मी रिकामी बस डेपोत आणली. कॅन्टीनमधल्या टीव्हीवर ती बस दिसत होती, लाल, आपल्यासारखीच, आणि तिचा वरचा मजला उडालेला. चाळीस ड्रायव्हर तिथे उभे होते, पण चमचा वाजल्याचाही आवाज नव्हता.

ती त्याच्या नंबरची नव्हती, हे दुपारपर्यंत कळलं. तिचा ड्रायव्हर वाचला, हेही कळलं. पण त्याची गाडी रोज त्याच रस्त्यांवरून जायची, त्याच वेळेला. पुढे होती का, मागे होती, शेजारी होती? मी कॅन्टीनच्या फोनवरून त्याच्या डेपोला फोन लावला. अर्ध्या तासाने लागला.

"कुणाची चौकशी करताय?" पलीकडून एका थकलेल्या बाईंनी विचारलं.

मी मग म्हटलं, लाल केस आहेत. आयरिश. हिरवा थर्मास असतो त्याच्याजवळ.

"बाई, लाल केसांचे आयरिश आमच्याकडे सहा आहेत. त्यातल्या दोघांचा अजून पत्ता नाही. नाव सांगा ना."

नाव. चार महिने मी त्या नावाचा खेळ करत बसले होते. ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याच्यासाठी इस्पितळात विचारता येत नाही, यादीत बघता येत नाही, रडतासुद्धा येत नाही नीट. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

साडेतीनला आमचे साहेब मॉरिस आले. दोन मिनिटं उशीर झाला तरी वहीत टिपून ठेवणारा हा माणूस. हातातली टोपी चुरगळत म्हणाले की भुयारी रेल्वे आज चालणार नाही, लाखो माणसं पायी निघालीत, बस पुन्हा सोडायच्या असं ठरलंय. "ज्याला जायचं नसेल त्याने जाऊ नये. कारण विचारणार नाही, कुठे लिहिणार नाही."

मग मागच्या टेबलावरचा एकजण उठला, कप धुतला, किल्ल्यांच्या फळीकडे गेला. त्याच्यामागे दुसरा. रांगच लागली. त्यांतल्या कित्येकांच्या घरी लहान मुलं होती. मी आजवर त्या लोकांशी ड्युटीवरून भांडले होते, पंख्याच्या जागेवरून भांडले होते, पण त्या दिवशी मी त्यांच्यामागे रांगेत उभी राहिले आणि किल्ली उचलली.

तेवढ्यात फोन आला, आईचा. मला वाटलं, घरी ये म्हणेल. तिने आधी जेवलीस का विचारलं. मग विचारलं, सोडतायत का गाड्या?

"सोडतायत. आई, तू म्हणशील तर..."

"मी काय म्हणणार? सकाळी लोकांना तिकडे नेऊन सोडलंत ना तुम्ही? मग त्यांना घरी कोण आणणार?" मग म्हणाली, "सावकाश चालव. आणि हात करायला विसरू नकोस."

मी निघाले. पाऊस थांबला होता. पुलावरून पायी येणाऱ्या माणसांची नदीच वाहत होती. कुणी बूट हातात घेतलेले, कुणी अनोळखी म्हातारीचा दंड धरलेला. समोरून पहिली बस आली, तिच्या ड्रायव्हरने हात वर केला. रोजचा नाही, पंजा पूर्ण उघडून, डोक्याच्याही वर. मग दुसरी, तिसरी. मार्ग कुठलाही असो, डेपो कुठलाही असो, काचेमागे हात वर. मी प्रत्येक काचेत लाल केस शोधत होते. हात वर करत होते आणि शोधत होते. आमच्या जागी आले, त्याचा समोरचा थांबा रिकामा होता.

पुलापलीकडे पोलिसांनी गाडी वळवून घ्यायला सांगितली. तिथे माणसं वाटच बघत होती. चढताना प्रत्येकजण थांबून थँक यू म्हणत होता. शेवटी एक आजीबाई आल्या, ऐंशीच्या तरी असतील. चाकांची पिशवी माझ्याजवळ ठेवली आणि जिन्याकडे वळल्या. मी म्हटलं, आजी, खाली जागा आहे. वरचा मजला...

"मी रोज वरच बसते," त्या म्हणाल्या. "पुढच्या सीटवर. आज कुणाच्या भीतीने खाली बसू?"

एक पायरी, मग दुसरी, कठडा धरून त्या वर गेल्या. खाली बसलेल्यांनी ते ऐकलं. दोघं-तिघं उठले आणि त्यांच्यामागोमाग वर गेले. माझ्या डोक्यावर छोटा आरसा आहे, त्यात वरचा मजला दिसतो. आजी नीट बसलेल्या दिसल्या, तेव्हा मी गाडी हलवली.

वॉलवर्थ रोडला आले. आता मी परतीच्या बाजूला होते, म्हणजे ज्या थांब्यावर रोज सकाळी त्याची बस थांबायची, तिथेच मला थांबायचं होतं. थांब्यावर एकच माणूस होता. धुळीने भरलेले बूट, काखेत हिरवा थर्मास, आणि बस नाही.

दार उघडलं. तो पायरीवर चढला. जे दिसलं तेच मी बोलले.

"मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलाच बुटका आहेस."

"आज झिजलो," तो म्हणाला. हसायला गेला आणि त्याचे डोळे भरले. माझे तर आधीच वाहत होते.

मग त्याने सांगितलं. पोलिसांनी त्याची गाडी होती तिथेच सोडायला लावली. बसमधली माणसं फुटपाथवर उभी राहिली, कुणाला कुठून जायचं कळेना. तेव्हा हा म्हणाला, चला, मला रस्ता पाठ आहे. आणि तो आपला मार्ग पायी चालला. पोलीस अडवतील तिथे वळसा घालून पुन्हा त्याच मार्गावर यायचा. ज्याचा थांबा येईल त्याला तिथे सोडायचं, बाकीच्यांना घेऊन पुढे निघायचं. शेवटची एक बाई होती, सातव्या महिन्यातली. दर दहा मिनिटांनी बसत-उठत तिला दारापर्यंत पोचवलं, डेपोला निरोप पाठवायला फोन लागेना, मग तो इथे येऊन उभा राहिला. तीनपासून.

"मी पाचला एकदा गेले इथून. नव्हतास तू."

"थर्मास भरून आणायला गेलो होतो. पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांसाठी मी त्याला बदडलं असतं. "घरी का नाही गेलास?"

"आज उत्तर मिळणार होतं," तो म्हणाला. "सकाळी तू नव्हतीस. मग दिवसभर वाटत होतं... तू कुठल्या गाडीवर असशील. कुणाला विचारू? नाव ठाऊक नाही."

म्हणजे त्यालाही तेच. मला ते कळलं आणि ड्युटी बदलल्याचं मी त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं, तरसवायला बदलली म्हणून. त्याने नुसती मान हलवली, जशी आपण लहान पोराला माफ करताना हलवतो.

मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बाई, हो म्हणा त्याला. आम्हाला घरी जायचंय."

"रविवारी, चार वाजता," मी म्हटलं. "आणि नाव मार्व्हा."

त्याने ते एकदा हळूच म्हणून बघितलं. "हे मला जन्मात सुचलं नसतं."

"ठाऊक आहे. तुझं?"

"फिन्टन."

"मलाही सुचलं नसतं," मी म्हटलं. "जा, बस आता कुठेतरी. गाडी हलवायची आहे."

खाली दोन जागा होत्या. त्याने त्या बघितल्या आणि जिन्याकडे वळला. मी डोक्यावरच्या आरशात बघितलं. तो आजींच्या शेजारी बसला, आरशात मला शोधलं आणि पंजा पूर्ण उघडून हात वर केला. आजींनी त्याच्याकडे पाहिलं, त्याला काहीतरी विचारलं, आणि मग त्यांनीही आपला हात वर केला.

मीही हात वर केला. मग ब्रेक सोडला. पुढच्या थांब्यावर माणसं उभी होती.